हुकलेल्या टकरींचा माणूस

जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, ज्या वर्षी बेत असतो त्या वर्षी, काही आठवडे प्रोटॉनांना विश्रांती देऊन २७ किलोमीटरच्या बोगद्यात शिशाची अणुकेंद्रं समोरासमोर सोडतात. ती आदळली की हजारो कण उधळतात, पडदा रंगीत रेषांनी भरून जातो आणि मंडळी खूश होतात. या गर्दीत एक जण मात्र तोंड वाकडं करून उभा असतो. त्याचा जीव न आदळता शेजारून निघून गेलेल्या केंद्रांत अडकलेला असतो.

हा यूपीसीवाला, म्हणजे 'अल्ट्रा-पेरिफेरल कोलिजन' अर्थात निसटत्या भेटींचा अभ्यासक. पोलंडचा असो, अमेरिकेचा की कोलकात्याचा, जात एकच. नवखा माणूस सापडला की आधी सोवळं समजावणार: "दोन केंद्रांत चौदा-पंधरा फेम्टोमीटरहून जास्त अंतर हवं. शिवाशिव झाली की संपलं!" मग फळ्याकडे धाव. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्या केंद्राचं विद्युतक्षेत्र फोटॉनांच्या थव्यासारखं वागतं, ही फर्मीची १९२४ ची कल्पना. वाइझसेकर आणि विल्यम्स यांनी १९३४ च्या सुमारास ती पुढे नेली. इकडचा फोटॉन तिकडच्या केंद्राला भिडला तर जे-साय नावाचा कण जन्मतो, फोटॉनाला फोटॉन भिडला तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी. "शिशाचा भार ८२. दोन्हीकडून फोटॉन हवेत, म्हणून ८२ चा चौथा घात. साडेचार कोटी पट!" हे तो अशा थाटात सांगतो, की जणू रक्कम त्याच्याच खात्यात जमा झाली आहे.

प्रत्यक्षात पडद्यावर दोन रेषा. बाकी डिटेक्टर रिकामा. आपल्याला वाटतं, यंत्र बंद पडलं. तो मात्र हळूच म्हणतो, "काय स्वच्छ आहे, बघा!" तिसरी रेषा दिसली तर ती घटना तो बाद करतो. सभेत त्याचा नंबर शेवटचा, म्हणजे कॉफी संपल्यावरचा. पण प्रकाशावर प्रकाश विखुरतो याचा पहिला थेट पुरावा याच रिकामपणात सापडला, हेही खरं. सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगाच्या २०१५ च्या माहितीत अशा तेरा घटना मिळाल्या, त्यातल्या दोन-तीन खोट्या असण्याची शक्यता धरूनच. यूपीसीवाल्याला त्या तेराही तोंडपाठ.

२०२५ मध्ये सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगानं जाहीर केलं, की अशाच निसटत्या भेटींत शिशाचे तीन प्रोटॉन उडून सोनं होतं. मग काय, घरून फोन! २०१५ ते २०१८ या काळात ८,६०० कोटी सुवर्णकेंद्रं तयार झाली, हे ऐकून आत्या हरखतात. वजन २९ पिकोग्रॅम, सराफाच्या काट्याला पत्ता लागणार नाही, आणि तेही क्षणार्धात फुटून गेलं, हे सांगेपर्यंत फोन ठेवलेला असतो.

तो खरा खुलतो ते झोत चालवणारे मशीनवाले त्याच्या नावानं खडे फोडतात तेव्हा. फोटॉनांतून जन्मलेला एखादा इलेक्ट्रॉन शिशालाच चिकटतो, भार ८२ चा ८१ होतो, केंद्राला वळण नीट घेता येत नाही आणि ते बोगद्यात पुढे भिंतीवर जाऊन धडकतं. अशा धडकांनी अतिशीत चुंबक तापण्याची भीती, म्हणून झोताची वाट मुद्दाम थोडी सरकवावी लागते. तक्रार ऐकून यूपीसीवाला टेबलावर थाप मारतो.

"आदळलं ना शेवटी? मग उद्याच्या सभेत आमचा नंबर पहिला लावा!"