रिकाम्या बशीचं सौंदर्यशास्त्र

पंजाबी हॉटेलात जेवण यायला उशीर झाला की तो सरळसरळ उशीर असतो. माणूस आधी मान वर करतो, मग हात वर करतो आणि तरीही कोणी फिरकलं नाही तर आवाज वर करतो. उडप्याकडे तर उशीर हा प्रकारच नाही. आपलं बोलणं संपायच्या आत डोसा समोर येऊन आपल्यालाच घाई करायला लागतो. जपानी हॉटेलात मात्र पंचाईत होते. समोरची बशी रिकामी असेल तर ती अजून भरायची राहिली आहे की तशीच पाहत बसायची आहे, हे चटकन ठरवता येत नाही. जुहूच्या एका आतल्या गल्लीतल्या अशा हॉटेलात आम्ही बसलो होतो. भिंत कोरी, उजेड मिणमिणता, आणि कोनाड्यातल्या फुलदाणीत एकच वाळकी काडी, जणू बाकीचं झाड मागच्या रिक्षाने येतंय. एवढा सगळा अभाव इतक्या नेटकेपणाने मांडलेला असताना त्यात आपल्या भुकेची भर कशी घालायची?

जपानविषयीचा आपला आदर असा आड येतो. सेकंदाच्या हिशेबाने धावणाऱ्या गाड्या, कमरेत वाकून केलेले नमस्कार, तुटलेलं भांडं सोन्याने सांधणारी माणसं, असं काय काय ऐकत आपण वाढलेलो असतो. त्यामुळे तिथे काही चुकलं की संशय पहिला स्वतःवर येतो. मिसो सूप कोमट आलं तेव्हा आम्हाला वाटलं, ते कोमटच पीत असतील. पाणी मागूनही आलं नाही, तेव्हा भाची म्हणाली, जेवताना पाणी न पिण्यामागे त्यांचं काही शास्त्र असेल. पहिल्या पगाराची मेजवानी तिची होती, त्यामुळे बाजू सावरून धरणं तिला भाग होतं. आत्या काही बोलली नाही. पार्ल्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली माणसं उत्तर येईपर्यंत मत देत नाहीत.

वाट पाहताना मन भटकतं आणि जुहूत भटकायला इतिहास भरपूर आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका चिमुकल्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला इंधनासाठी थांबले आणि त्याच दुपारी इथे जुहूला उतरले. त्या मैदानापासून आमचं टेबल फार दूर नव्हतं. स्वयंपाकघर तर त्याहून जवळ होतं, तीसेक पावलांवर. मध्ये अरबी समुद्र नव्हता, कच्छचं रण नव्हतं, अहमदाबाद तर नव्हतंच. तरीही अव्होकाडोचा एक रोल तेवढं अंतर कापू शकत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने जैन सुशी मागवली होती, म्हणजे मासा नाही, कांदा-लसूण नाही. त्यांचंही काही आलं नव्हतं, पण निदान त्यांना उपासाची सवय असावी.

गंमत अशी की सुशीचा जन्मच घाईतून झाला. त्याआधी मासा महिनोन्‌महिने भातात मुरत ठेवायचे. भात आंबून जायचा, तो टाकून द्यायचे आणि मासा खायचे. मग 1820च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, व्हिनेगर लावलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप दाबून तो हातोहात द्यायची पद्धत रुळली. हे काम नावारूपाला आणणारा म्हणून हानाया योहेईचं नाव घेतात. एदो हे कामगारांचं, कारागिरांचं, बिऱ्हाड गावाकडे ठेवून आलेल्या पुरुषांचं शहर. त्यांना बसून जेवायला वेळ नव्हता. ते गाडीवर यायचे, उभ्याउभ्या दोन-चार घास खायचे आणि कामाला लागायचे. मुटकेही तेव्हा आजच्यापेक्षा बरेच मोठे असायचे, पोट भरतील असे. म्हणजे आम्ही ज्याच्यासाठी मऊ अंधारात मांडी अवघडून बसलो होतो, ते मुळात खाडीकाठच्या हातगाडीवरचं खाणं होतं.

आणि समुद्राकाठच्या हातगाड्या तर आमच्या पाठीमागेच होत्या. जुहू चौपाटीवर पाणीपुरीवाल्यासमोर द्रोण घेऊन उभं राहिलं की काय होतं ते आठवून पाहा. तिखट की मध्यम एवढं एकदाच विचारलं जातं. मग तो आपल्या तोंडाकडे बघत राहतो. घास गिळल्याशिवाय पुढची पुरी द्रोणात पडत नाही, आणि गिळल्यावर क्षणभरही थांबावं लागत नाही. डोळ्यांत पाणी आलं तर पुढच्या पुरीत न सांगता चिंचेचं पाणी वाढतं. पाचजण पाच प्रकारचे उभे असले तरी कोणाची कितवी, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. जपानमधल्या उत्तम सुशीच्या ओट्यावर नेमकं हेच घडतं: गिऱ्हाईक सगळं आचाऱ्यावर सोपवतं, आचारी त्याच्या खाण्याची गती बघतो आणि एक-एक मुटका करून पुढ्यात ठेवतो. तिथे या बैठकीसाठी महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवतात. इथे ती रोज संध्याकाळी वाळूत भरते आणि शेवटी वर एक सुकी पुरी मिळते.

मग टेंपुरा आला आणि चित्र पालटलं. रोल कधी यावा, सूप किती गरम असावं, हे परक्या संस्कृतीचे प्रश्न होते. पिठात बुडवून तळलेली भाजी हा आत्याच्या अधिकारातला विषय होता. तिने एक तुकडा उचलला, तो मधोमध वाकला, आणि ती शांतपणे म्हणाली, "भजी मऊ पडलीयेत. तेल तापलं नव्हतं." बस्स. तासाभराचं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात निवलं. इतिहासही तिच्या बाजूने उभा राहिला असता. टेंपुरा जपानला शिकवला पोर्तुगिजांनी. ते 1543 मध्ये तिथे पोचले, आणि सहाच वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियर तिकडे गेले ते आपल्या गोव्याहून निघून. तेव्हा टेंपुऱ्याशी आपलं वाटेवरच्या गावचं का होईना, नातं आहे. त्याला मऊ पडलेलं पाहून वाईट वाटायचा हक्क आपल्याला पोचतो.

आत्याने हात वर केला. शाळेतला हात तो. वेटर धावत आला. कपाळाला पट्टी, अंगात पाठीवर मासा काढलेलं जाकीट. दाराशी त्याने आमचं जपानीत स्वागत केलं होतं, आणि मघापासून पलीकडचे एक गृहस्थ त्याच्याशी संथ, सुटंसुटं इंग्रजी बोलत होते, परदेशी पाहुण्याशी बोलावं तसं. आत्या मात्र तिच्या खास पार्लेकर हिंदीत म्हणाली, "बेटा, ये जरा फिरसे गरम तेल में तलके लाव. और तुम्हारा गाव कौनसा?"

"मणिपूर, आंटी. बिष्णुपूर." मग तो हळूच म्हणाला, "सॉरी आंटी. आज दो लड़के आये नहीं. मैं अकेला हूँ."

त्या सगळ्या दालनात तो एकटा होता. आम्ही ज्याला झेन समजत होतो तो मनुष्यबळाचा तुटवडा होता. आत्याने विचारलं, हे सगळं तुला आवडतं का रे? तो लाजून हसला. त्याला घरचं एरोंबा आवडतं, ङारी घातलेलं. ङारी म्हणजे मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेला मासा. मी त्या कागदी दिव्याखाली चकित होऊन बसले. मुरवलेला मासा! सुशीचे आजोबा ज्या घराण्यातले, त्याच्या जवळपासचं काही या हॉटेलात असेल तर ते या पोराच्या जिभेवर होतं, आणि त्याला दिलं होतं ते पाठीवरच्या माशाचं चित्र.

"जपानी लोक कभी देखा है क्या?" आत्याने सहज विचारलं.

"मैंने नहीं. दादी की माँ ने देखे थे. लड़ाई में." तो ट्रे सावरत म्हणाला, "बोलती थी, बहुत भूखे थे. चावल माँगते थे."

1944 साली जपानी फौज इम्फाळच्या दिशेने आली होती. बिष्णुपूरच्या वाटेवर घनघोर लढाया झाल्या, आणि मागे रसदच न पोचल्याने त्या सैन्यातले हजारो लोक गोळीपेक्षा उपासमारीने आणि रोगराईने गेले. तिथल्या एका टेकडीच्या पायथ्याशी 2019 पासून शांती संग्रहालय उभं आहे. घटकाभर आमच्या टेबलावर कोणी बोललं नाही. मघापासून आम्ही भात येत नाही म्हणून चुळबुळत होतो, आणि त्याच्या घरात जपान म्हणून आठवण होती ती भात मागणाऱ्या माणसांची. टेंपुरा पुन्हा आला तेव्हा कुरकुरीत होता. आम्ही तो सगळा संपवला.

बिलात दहा टक्के सेवाशुल्क होतं. भाचीला कायदा पाठ: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की ते परस्पर बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. पण तिला त्या पोराकडे बघून ते बोलवेना. आत्यानेच त्याला विचारलं, हे पैसे तुला मिळतात का? त्याने मान हलवली. ती हो आणि नाही यांच्या मधोमध कुठेतरी थांबली. मग आत्याने व्यवस्थापकांना बोलावलं आणि सेवाशुल्क काढायला लावलं. नवं बिल अर्ध्या मिनिटात आलं. त्या संध्याकाळी तिथे झालेलं सर्वांत तत्पर काम ते. आत्याने दहा टक्क्यांचा हिशेब मनातल्या मनात केला, वरच्या सुट्ट्या रुपयांची दहाची पूर्ण नोट केली, सगळे पैसे घडी घालून त्या पोराच्या हातात ठेवले आणि पर्स पुन्हा उघडून एक रुपयाचं नाणं शोधू लागली.

"तो कशाला आता?" भाची म्हणाली.

"अगं, शून्यावर संपवायला तो काय टॅक्स आहे?"