कुंडी हाच परवाना

रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना द्यावा असं कोणी म्हटलं की पुण्यात लगेच प्रश्न येतो, हे परदेशी खूळ आपल्याकडे चालेल का? चालेल कसलं, चालूच आहे. पेठांत ही योजना कैक वर्षं सुरू आहे. महापालिकेला तेवढी तिच्यात जागा मिळालेली नाही.

सदाशिव, नारायण, शनिवार, कुठल्याही पेठेच्या बोळात शिरा. दारासमोर सिमेंटची कुंडी असते आणि तिच्यात वाळून काडी झालेली जास्वंद. तिच्या पुढे तेलाचा डबा, त्यात सिमेंट ओतून रोवलेला लोखंडी गज. एक पाय गमावलेली प्लॅस्टिकची खुर्ची. काही घरांनी तर जुनी स्कूटरच साखळीने बांधून या कामावर नेमली आहे. ती चालत नाही, पण नोकरीत कायम आहे. मालकांची मोटार बोळाच्या तोंडाशी आली की कोणीतरी खाली उतरतं, स्कूटर बाजूला होते, मोटार आत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचीच ही पुढची पिढी. फक्त रुमाल जड झाला.

या परवान्याला अर्ज नाही, शुल्क नाही, नूतनीकरण नाही. अंमलबजावणी मात्र चोख. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिवसभर देखरेख असते आणि दंडाची तरतूद फाटकावरच लिहिलेली असते: ‘हवा सोडली जाईल’. पावती मिळत नाही, एवढंच.

तेव्हा परवाना असावा की नसावा हा वाद संपला. तो सध्या ज्याच्याकडे कुंडी आहे त्याच्याकडे आहे. तो कागदावर आणायचा तर कोणाला तरी ‘तुम्हाला मिळणार नाही’ असं सांगावं लागेल, आणि हे सांगायला कोणी तयार नाही. योजनेचा सगळा आराखडा या एका नकाराभोवती फिरतो. बाकी स्टिकरचा रंग वगैरे ठरवायला समिती आहेच.

अमेरिकेत हा नकार सोपा होता. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन परगण्यात कचेऱ्यांत येणारे नोकरदार शेजारच्या वस्तीतल्या रस्त्यांवर गाड्या लावून जायचे. परगण्याने कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत तिथे फक्त रहिवाशांना मुभा दिली. नोकरदार कोर्टात गेले, हा भेदभाव आहे म्हणाले. १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परगण्याच्या बाजूने कौल दिला. छान झालं, कारण शत्रू बाहेरचा होता. सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा, आणि त्याचं मत भलत्याच मतदारसंघात होतं.

आपल्याकडेही लक्ष्मी रस्त्यावर साड्या घ्यायला आलेली मोटार शेजारच्या बोळात घुसते आणि सगळा राग तिच्यावर निघतो. पण दुकानं बंद झाल्यावर ती कोथरूडला परत जाते. पहाटे तीन वाजता मोजणी करा. तेव्हा जी गाडी उभी दिसेल, ती आपलीच. मोजणी खरं तर त्याच वेळी करायची असते, रहिवाशांची गरज किती हे तेव्हाच कळतं. आधी बोळात जागा किती ते मोजायचं, मग गाड्या, मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. हे दोन आकडे शेजारी आले की सभा तहकूब होते.

म्हणून बरीच शहरं मोजतच नाहीत. बॉस्टनने वर्षानुवर्षं रहिवासी परवाने फुकट वाटले आणि घरटी किती याला मर्यादाही ठेवली नाही. लोकांनी घेतले. असा परवाना म्हणजे जागा नव्हे. जागा शोधत फिरण्याचा तो सरकारमान्य हक्क. तो आपल्याला स्टिकरशिवायही आहे.

पुण्याने एकदा धाडस केलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसमोर पार्किंग धोरण आलं. मूळ विचार साऱ्या शहराचा होता. आंदोलनं झाली, घोषणा झाल्या, आणि मंजूर झालं ते पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक तत्त्वावर. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं ते धोरण फाइलीतच उभं राहिलं, अर्थातच फुकट. त्याच सुमारास बातमी आली की आरटीओच्या दप्तरी शहरातली वाहनं ३६ लाखांवर गेली, माणसांपेक्षा जास्त. आपण ती बातमी थोड्या अभिमानानेच वाचली.

तरीही समजा परवाने द्यायचे ठरले. पहिली अट अशी हवी: ज्या इमारतीच्या मंजूर नकाशात पार्किंग आहे, तिथल्या गाडीला रस्त्याचा परवाना नाही. वाक्य निरुपद्रवी दिसतं. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती आठवा. नकाशात तळमजल्यावर खांब आणि खांबांमध्ये मोटारी. प्रत्यक्षात तिथे झेरॉक्सचं दुकान, क्लासचं कार्यालय, मागच्या बाजूला गोदाम. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की खांबांमधली ही जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. जागेवर निकाल पोचेपर्यंत शटर लागलेलं असतं. म्हणजे मोटार रस्त्यावर आली ती जागा नव्हती म्हणून नाही. जागेला भाडं येत होतं म्हणून. नकाशे महापालिकेच्याच बांधकाम विभागात आहेत. ते उघडून बघण्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. बहुधा म्हणूनच उघडले जात नाहीत.

दुसरी अट रहिवासी कोण याची. मालकाकडे कराची पावती आहे, त्याचं भागलं. खाली कॉट बेसिसवर राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाचं काय? तो तीन वर्षं इथे झोपतो, जेवतो, अभ्यास करतो. दुचाकीवर मात्र बीडचा किंवा लातूरचा नंबर. भाडेकरार मागितला तर मालक म्हणणार, कशाला उगाच? करार नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून परवाना नाही. आणि वरच्या मजल्याचे मालक, जे बाणेरला राहायला जाऊन आता जमाना झाला, ते पावतीच्या जोरावर रहिवासी! रात्री गाडी उभी असते का हे बघा, पावती नका बघू, एवढं साधं कलम घातलं तरी अर्धी भांडणं मिटतील. उरलेली अर्धी पाहुण्यांच्या कुपनांवरून होतील. जावयाला वर्षाला किती कुपनं, हा प्रश्न मी महापालिकेवर सोपवतो.

मग दर. बांधकामाच्या नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. सदाशिव पेठेत एवढ्या खोलीचं भाडं काय, हे कुठल्याही एजंटला विचारा आणि मग रस्त्यावर तीच जागा फुकट का, हे मोटारवाल्याला. तो म्हणेल, मी रोड टॅक्स भरलाय. भरलाय, गाडी चालवण्याचा. बंगळुरूच्या २०२१ च्या धोरणात रहिवासी परवान्याला छोट्या मोटारीसाठी वर्षाला १,००० रुपये आणि सर्वांत मोठीसाठी ५,००० सुचवले होते. मोठी गाडी दिवसाला चौदा रुपयांत. चौदा रुपयांत पेठेत हल्ली चहासुद्धा जपून सांगावा लागतो. तरीही आपल्याकडे हा आकडा ऐकला तर मोर्चा निघेल, आणि मोर्चाला येणाऱ्यांच्या मोटारी लावायला जागा मिळणार नाही.

जपानने १९६२ सालीच कायदा करून टाकला. गाडी घ्यायची तर जागा दाखवा, तीही घरापासून दोन किलोमीटरच्या आत, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायची नाही. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी आपल्याकडेही पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नको, असा विचार मांडला. विचार उत्तम आहे. काळजी दाखल्याची आहे. ज्या राज्यात तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाला पार्किंग म्हणून पूर्णत्वाचा दाखला मिळतो, तिथे आणखी एक दाखला मिळायला कितीसा वेळ लागणार?

आता खरी पुणेरी अडचण. जगभरच्या या योजना मोटारींसाठी बेतलेल्या आहेत आणि हे शहर दुचाकीवर चालतं. नियमावलीप्रमाणे दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी बसतात. सहा दुचाकींची सहा माणसं सकाळी कामाला जातात. तीच जागा अडवणारी मोटार रविवारी सिंहगडाला जाते आणि बाकीचे सहा दिवस कव्हर घालून पडून असते. तेव्हा दुचाकीला वर्षाला जो काही दर लावाल, त्याच्या सहापट मोटारीला लावा. दुसऱ्या मोटारीला त्याच्या दुप्पट. आलेला पैसा त्याच बोळाच्या पदपथावर खर्च करा, म्हणजे नागरिकाला दिसेल तरी कुठे गेला. एखाद्या नगरसेवकाने हा ठराव मांडावा. अनुमोदन मिळणार नाही, पण चर्चा ऐकण्यासारखी होईल. मी प्रेक्षक गॅलरीत हजर असेन. महापालिकेजवळ गाडी लावायला जागा नसते, म्हणून रिक्षाने येईन.