डांबरी अंगणाचा धनी

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, म्हणजे न्यू जर्सीपासून वर मेनपर्यंतच्या पट्ट्यात, उपनगरातील स्वतंत्र घरासमोर सार्वजनिक रस्त्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत जो खाजगी डांबरी तुकडा असतो त्यास ड्राइव्हवे म्हणतात, आणि या तुकड्याच्या मालकीमुळे एरवी सरळमार्गी असलेल्या गृहस्थाच्या स्वभावात जो पालट होतो त्याची व्हावी तितकी चिकित्सा झालेली दिसत नाही. घर घेईपर्यंत हा गृहस्थ चारचौघांसारखाच असतो, म्हणजे रस्त्यात खड्डा लागला की तो नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो आणि पुढे जातो. ड्राइव्हवे पदरी पडल्यावर मात्र नगरपालिका तोच, अभियंता तोच, ठेकेदार तोच आणि करदाताही तोच होतो, आणि बोटे कोणाच्या नावाने मोडावीत असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. महाराष्ट्रातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्यांना हे स्थित्यंतर विशेष जड जाते, कारण डांबर हा बांधकाम खात्याचा विषय आहे, घरमालकाचा नव्हे, अशी त्यांची बालपणापासूनची खात्री असते.

डांबरी थर म्हणजे वजनाने सुमारे ९५ टक्के खडी व वाळू आणि त्यांना धरून ठेवणारे सुमारे ५ टक्के बिटुमेन, अर्थात खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारा काळा चिकट पदार्थ. ऊन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे बिटुमेन वर्षागणिक कडक होत जाते, काळा रंग करडा पडतो, करड्या थराला भेग जाते, भेगेतून पाणी शिरते, आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगत असल्यामुळे भेग आणखी फाकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे हा क्रम सुरू झाला की खालचा खडीचा थर भिजून ढिला पडतो आणि एके सकाळी गाडीच्या चाकाखाली वरचे डांबर खचते. हे सारे शास्त्र या गृहस्थास मुखोद्गत असते. न्यू जर्सीतला असेल तर अमेरिकेतला पहिला डांबरी रस्ता १८७० साली डी स्मेट या बेल्जियन रसायनज्ञाने आपल्याच राज्यातील न्यूअर्क शहरात केला, हेही तो पाहुण्यांना अशा थाटात सांगतो की डी स्मेट हा त्याचा मावसआजोबा असावा.

अडचण ज्ञानाची नसून मुहूर्ताची आहे. ड्राइव्हवेची दुर्दशा नजरेत भरते ती थंडीच्या अखेरीस, आणि नेमक्या त्याच वेळी गरम डांबर-मिश्रण तयार करणारे बहुतेक कारखाने तिथे बंद असतात. आपल्याकडे हे काम पावसाळ्यात थांबते, तिथे हिवाळ्यात. भेगांचे गणित तर याहून खट्याळ आहे. डांबर थंडीत आकसते म्हणून भेग रुंदावते आणि उन्हाळ्यात प्रसरण पावते म्हणून ती मिटत येते, त्यामुळे भेग मध्यम उघडलेली असताना, म्हणजे वसंतात किंवा शरदात, ती तारेच्या ब्रशने खरवडून, आतले गवत उपटून, धूळ फुंकून आणि कोरडी करून रबरमिश्रित डांबराने भरावी असा जाणकारांचा सल्ला असतो. वसंतात हा गृहस्थ बागेत गुंतलेला असतो आणि शरदात पाने गोळा करण्यात, आणि जुलैत जेव्हा त्याला सवड मिळते तेव्हा भेगा जवळजवळ मिटलेल्या असल्यामुळे यंदा फारसे काही करायला नको, असा निष्कर्ष तो समाधानाने काढतो.

तथापि एप्रिलमधील पाहणी तो चुकवत नाही. पहिल्या उबदार रविवारी कॉफीचा मग हातात घेऊन तो कमरेत वाकून ड्राइव्हवेची प्रदक्षिणा घालतो आणि भेग दिसली की तीत घराची किल्ली खुपसून खोली अजमावतो. किल्ली दांडीपर्यंत गेली की शेजारी आपोआप कुंपणापाशी येतो. मग दोघेही कमरेवर हात ठेवून, एक शब्दही न बोलता, त्या भेगेकडे बराच वेळ पाहत राहतात, मधूनच एक जण बुटाच्या टाचेने तिथली कड दाबून पाहतो, आणि अखेरीस वरून एक हात मारला की होईल झकास, असा निकाल लागतो.

हा वरचा हात म्हणजे सीलकोट, अर्थात पाण्यात मिसळलेले बिटुमेन किंवा कोळशापासूनचे डांबर आणि त्यात थोडी वाळू असा पातळ लेप, जो दोन-चार वर्षांतून एकदा द्यावा असे सामान्यतः मानले जाते. तापमान १० अंश सेल्सियसच्या वर हवे, पुढचे २४ तास पाऊस नको आणि ऊन फार कडकही नको, अशा अटी असल्यामुळे हवामानाचा अंदाज हेच या काळात त्याचे नित्यपठण होते, आणि तीन अंदाज तीन तऱ्हेचे आले तर पावसाचे नावही न काढणारा अंदाज तो प्रमाण मानतो. अनुभवी माणूस गॅरेजपासून सुरुवात करून रस्त्याकडे सरकत जातो. नवखा रस्त्यापासून सुरुवात करतो आणि पाच गॅलनची शेवटची बादली रिकामी झाल्यावर, तीन बाजूंना ओले डांबर आणि पाठीशी आतून कडी लावलेले गॅरेज अशा स्थितीत, पत्नीला हाका मारताना आढळतो. कोळशाच्या डांबरातील कर्करोगकारक द्रव्ये पावसाबरोबर ओढ्यांत उतरतात म्हणून टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ साली आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ साली त्यावर बंदी घातली, हे त्याला ठाऊक असते व मान्यही असते, पण जुन्या मालाचा काळा रंग काही औरच होता, असा सुस्कारा तो सोडल्याशिवाय राहत नाही.

या सुस्काऱ्यातच त्याचे सारे रहस्य आहे, कारण त्याचा जीव डांबरात नसून काळेपणात असतो. तळचा थर खचल्यावर वर जाळीदार भेगा उमटतात, ज्यांना या व्यवसायात मगरीच्या पाठीची उपमा देतात. त्यांवर सीलकोटचा काडीइतकाही उपयोग होत नाही आणि तो भाग कापून, खालची खडी ठोकून पुन्हा भरण्याला पर्याय नसतो. पाणी मुरते कुठून याचा शोध घेतला तर उत्तर बहुधा डोक्यावर सापडते, कारण छपराचे सगळे पाणी आणणारा पन्हळीचा पाइप नेमका ड्राइव्हवेच्या कडेला रिकामा होत असतो. मराठी घरात “अहो, आधी तो पाइप तेवढा बागेकडे वळवा,” हे वाक्य दरवर्षी उच्चारले जाते आणि अहो दरवर्षी मान डोलावतात. पाइपाचा तुकडा डांबराच्या दोन बादल्यांहून स्वस्त पडतो, पण वळवलेल्या पाइपाकडे पाहून गाडीचा वेग कमी करणारा शेजारी अद्याप जन्माला यायचा आहे.

काळेपणाच्या या हव्यासावर पोट भरणारी एक जमातही आहे. दारात ट्रक थांबवून हे लोक सांगतात की पलीकडच्या कामातले डांबर उरले आहे, निम्म्या दरात आत्ताच टाकून देतो. पैसे रोख घेतले जातात, थर पापडाइतका पातळ पडतो आणि ट्रक पुन्हा दिसत नाही. शेजाऱ्याला सावध करणारा हा गृहस्थ स्वतः फसला तरी ती गोष्ट गुलदस्त्यात राहते, कारण पहिला पाऊस पडेपर्यंत तो तुकडा खरोखरच फार काळा दिसलेला असतो.

हिवाळा तो मिठावर काढतो. साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपास निष्प्रभ होऊ लागते, पण तो ते थंडी वाढेल तसे वाढवत जातो. जानेवारीत खड्डा पडलाच तर थंड मिश्रणाची, म्हणजे न तापवता भरता येणाऱ्या डांबर-खडीची पिशवी येते. गारठ्यात ती दगडासारखी होत असल्यामुळे तिला तळघरात बॉयलरशेजारी रात्रभर निजवले जाते आणि सकाळी न्याहारीच्या टेबलापर्यंत डांबराचा वास पोचतो. खड्डा भरून धुमसाने ठोकल्यावरही गृहस्थाचे समाधान होत नाही, म्हणून तो चाक बरोबर खड्ड्यावर येईल असा नेम धरून गाडी हातभर पुढे नि हातभर मागे करत राहतो, आणि समोरच्या घरातील वृद्ध बाई खिडकीतून हे पाहून आपल्या नवऱ्याला सांगतात की हा आजही घरात काहीतरी विसरलेला दिसतो.