मागे जाऊ नका

पनवेलहून नवीन पनवेलला जायचं म्हणजे रेल्वेचे रूळ ओलांडायचे, बस्स. आमचं बिऱ्हाड गेल्या महिन्यात टेम्पोच्या तीन खेपांत पलीकडे गेलं. पत्ता मात्र अजून अलीकडेच आहे.

पत्ताबदलाचा अर्ज मोबाइलवरच भरायचा असतो. कुणाकडे, ते सांगत नाही. माझं काम अजून त्यांच्याकडे आहे. अर्ज पाच पानी. चौथ्या पानापर्यंत सुखरूप पोहोचलो. तिथलं 'पुढे' हे बटण कीबोर्डाखाली दडून बसलं होतं. फोनचं बॅक दाबलं, कीबोर्ड गेला. बोटाच्या सवयीने पुन्हा दाबलं, अर्ज गेला.

माझी पुतणी असले ऑनलाइन अर्ज बनवायचीच कामं करते. ती म्हणाली, "काका, ती पाच पानं नव्हतीच. पान एकच, आतला मजकूर बदलत होता." म्हणजे ब्राउझरच्या लेखी मी उंबऱ्यावरच उभा होतो, मागे म्हणजे थेट रस्त्यावर. प्रत्येक पायरी ब्राउझरच्या इतिहासात नोंदवायची सोय एचटीएमएल ५ बरोबर आली, असंही ती म्हणाली. बातमी सगळीकडे पोहोचायला वेळ लागतोच.

दुसऱ्या दिवशी बॅकला हात लावला नाही. 'तालुका शोधा' हे निरुपद्रवी बटण दाबलं, आणि अर्धा अर्ज सादर झाला. फॉर्ममधल्या बटणाला त्याचं काम लिहून दिलं नाही, तर ते स्वतःला 'सबमिट' समजतं म्हणे. लग्नघरात काम नेमून न दिलेले एक मामा असतात, तसं.

तिसऱ्यांदा शुल्काच्या पानापर्यंत मजल गेली. 'कृपया मागे जाऊ नका', गोल चक्र फिरतंय. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकलं तरी फोन मागे जातो. आणि फोन धरायचा म्हटलं की अंगठा कडेलाच येतो. मी फोन टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. तेवढ्यात हिने टेबल पुसायला घेतलं.

संध्याकाळी स्टेशनवर गेलो. हार्बरची लोकल पनवेलला संपते. गाडी आली, पुढचा डबा मागचा झाला आणि तीच गाडी उलट निघाली. आत बसून राहिलेल्या एकालाही कुणी म्हणालं नाही, की सत्र संपलं, पुन्हा वडाळ्यापासून या.