पडण्याआधीची खरेदी

ऐकिदो ही जपानी युद्धकला शिकायची असं एकदा ठरलं, की लगेच वर्गात जाऊन नाव घालण्याची चूक बरेच जण करतात. नाव घातलं की शिक्षक पाचव्या मिनिटाला पडायला सांगतात. आपण टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर असतो, हाताशी एक पुस्तक नसतं, आणि निळ्या-लाल रबरी मॅटवर कोलांटी मारायची असते. अशा उघड्याबोडक्या अवस्थेत पडलेला माणूस उठणार तरी कशाच्या जोरावर? म्हणून आधी सामान, मग ग्रंथ, मग व्हिडिओ आणि वेळ उरलाच तर वर्ग, असा क्रम मी या मार्गदर्शनात धरला आहे. गेली चार वर्षं मी स्वतः याच क्रमाने चाललो आहे. माझा पट्टा अजून पांढराच आहे, पण किती पांढरा आहे ते घरी येऊन पाहावं.

खरेदीला निघण्यापूर्वी घरच्यांना विश्वासात घ्यावं लागतं. ‘ऐ’ म्हणजे जुळणं, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘दो’ म्हणजे मार्ग, असं मी आईला नीट समजावून सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, “घरात कुणाचं ऐकत नाहीस, आणि बाहेर पैसे भरून ऐकिदो?” साधकाने अशा वेळी वाद घालू नये. मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी ही कला घडवली ती समोरच्याच्या जोराला जोराने भिडायचं नाही, तो वळवून द्यायचा, या तत्त्वावर. मी ‘बरं’ म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. आणखी एक सोय म्हणजे या कलेत स्पर्धा नसतात. केन्जी तोमिकी या शिष्याने पुढे स्पर्धेची शाखा काढली, ती सोडली तर कुठे पदक नाही, गुण नाहीत, हरणं नाही. त्यामुळे आपण किती पाण्यात आहोत हे कुणाला कळत नाही आणि खरेदीत कसलाही व्यत्यय येत नाही.

सुरुवात गणवेशापासून. याला ‘केइकोगी’ म्हणतात, आणि आपण नुसतं ‘गी’ म्हणालो की जाणकार वाटतो. मी डोंबिवलीहून धोबी तलावला गेलो. खेळाच्या सामानाचं एक दुकान गाठलं आणि ऐकिदोचा गी मागितला. दुकानदाराने दोन गठ्ठे काउंटरवर टाकले. “कराटेवाला है, जूडोवाला है. बीच का कुछ नहीं आता.” माणूस मर्म सांगून गेला. कराटेचा गी पातळ असतो, हात झटकला की फट्‌ आवाज येतो, आणि त्या आवाजावर निम्मा आत्मविश्वास अवलंबून असतो. पण ऐकिदोत लोक बाही धरतात, गळपट्टी धरतात, धरून लोंबकळतात. पातळ कापड महिनाभरात खांद्यात उसवतं. जूडोचा गी तांदळाच्या दाण्यांसारख्या उठावदार विणीचा, जाड, ओढाताण सोसणारा. खास ऐकिदोसाठी शिवलेला गी याच्याच जवळचा असतो, फक्त मनगट पकडता यावं म्हणून बाह्या आखूड आणि गुडघ्यांवर दुहेरी कापड. गुडघ्यांवर कशाला, हे दुकानात विचारू नये. या कलेत गुडघ्यांवर चालतात. त्याला ‘शिक्को’ म्हणतात, आणि ती माहिती गी विकत घेतल्यानंतर मिळालेलीच बरी.

मी जूडोचा घेतला. तो मी मे महिन्यात घेतला, ही माझी चूक. मे महिन्यात जगातला प्रत्येक कपडा वाळतो. जुलैत या गीची दुसरी बाजू कळते. सोमवारी रात्री धुतला तर गुरुवारी पाठ वाळते, शनिवारी बाह्या वाळतात, आणि गळपट्टी मात्र वाळतच नाही. ती सहा-सात पदरांची, मध्ये घट्ट शिवलेली असते. बोटांनी दाबली की आतून गार लागते, आणि तिला एक वास येऊ लागतो, थोडा पोह्यांचा, थोडा जुन्या छत्रीचा. पंख्याखाली ठेवा, इस्त्री फिरवा, फ्रिजमागे टांगा. वर्गात समोरचा जोडीदार नेमकी तीच गळपट्टी दोन्ही हातांनी धरतो आणि पकड लवकर सोडतो. याला मी बराच काळ माझी प्रगती समजत होतो.

गी घालताना डावी बाजू उजवीवर यावी. जपानमध्ये उजवी बाजू डावीवर फक्त मेलेल्या माणसाची घेतात. पहिल्या दिवशी मी मृताच्या वेषात उएशिबांच्या फोटोला नमस्कार केला. शिक्षक काही बोलले नाहीत, जवळ येऊन फक्त बाजू बदलली. त्यानंतर लगेच मी पडलो, त्यामुळे क्रम अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही.

पट्ट्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो गीबरोबर फुकट येतो.

हाकामा मात्र सवडीने घ्यावा. ही काळी किंवा गर्द निळी, घेरदार, पायघोळ विजार. बहुतेक वर्गांत ती काळा पट्टा मिळाल्यावरच नेसता येते, म्हणजे रोज वर्गाला जाणाऱ्याला चार-पाच वर्षांनी आणि माझ्यासारख्याला त्याही नंतर. यासाठीच ती पहिल्या आठवड्यात मागवावी. कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवली की ध्येय डोळ्यांसमोर राहतं. जुने शिष्य सांगतात, की उएशिबांच्या काळी हाकामा सगळ्यांनाच सक्तीचा होता. युद्धानंतर कापड मिळेना, म्हणून शिकाऊंना तो नसला तरी चालेल अशी सवलत मिळाली. आज त्या सवलतीचा उलटा मान झाला आहे, आणि हाकामा असणारा माणूस दारातून शिरला की पांढरे पट्टे आपोआप भिंतीकडे सरकतात. टंचाईतून रुबाब कसा निघतो, हे रेशनच्या दिवसांत लहानाचे मोठे झालेल्यांना वेगळं सांगायला नको.

कापड दोन प्रकारचं. सुती, नीळ दिलेला हाकामा दिसायला देखणा, पण रंग सोडतो. पांढरा गी, पांढऱ्या मांड्या आणि बाथरूमच्या पांढऱ्या फरशा, तिन्हींवर त्याची कृपा होते. टेट्रॉनच्या हाकामाचा रंग जात नाही आणि निऱ्याही मोडत नाहीत. मी अर्थातच सुती घेतला.

निऱ्या सात. पुढे पाच, मागे दोन. प्रत्येक निरी म्हणजे एक सद्गुण, असं मानतात. सरावानंतर हाकामा जमिनीवर पसरून प्रत्येक सद्गुण सरळ करायचा, तीन घड्या घालायच्या आणि वर चारही बंद विशिष्ट नक्षीत गुंफायचे. मी एका रविवारी दिवाणखान्यात व्हिडिओ लावून दीड तास हे करत होतो. एक सद्गुण सरळ केला की दुसरा वाकडा व्हायचा. गणपतीला आलेली आत्या सोफ्यावरून बघत होती. “धोतर आहे की परकर?” तिने विचारलं. मी सामुराईंबद्दल सांगू लागलो. ती उठली, कमरेची पट्टी हनुवटीखाली धरली, दोन्ही हातांनी निऱ्या वरून खाली चिमटत नेल्या, एक झटका दिला आणि सातही निऱ्या शाळेतल्या मुलींसारख्या ओळीत उभ्या राहिल्या. सगळी मिळून दोन मिनिटं. तिने उभा जन्म नऊवारी नेसली आहे. बंदांचं मात्र तिला पटलं नाही. म्हणाली, “एवढी नाडी कशाला? नाडा हरवला तर?”

आता शस्त्रं. ऐकिदो हातांची कला असली तरी तीन लाकडी वस्तू लागतात: सुमारे 102 सेंटिमीटरची तलवार ‘बोक्केन’, 128 सेंटिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर जाड काठी ‘जो’, आणि वीतभर-दीड वीत लांबीचा सुरा ‘तांतो’. उत्तम माल जपानी पांढऱ्या ओकचा, आणि तो घडतो क्युशू बेटावर, मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो या गावी. जपानमधली बहुतेक लाकडी शस्त्रं याच गावची. माल थेट तिथून मागवावा. काठीपेक्षा काठीचं टपाल महाग पडतं, त्यामुळे काठीची किंमत आपोआप वाढते.

माझं बजेट हाकामात संपलं होतं, म्हणून जो मी स्टेशनजवळच्या सुताराकडून करून घेतला. मापं कागदावर लिहून नेली. त्याने कागद दूर धरून वाचला. “128... पडद्याचा दांडा का साहेब?” मी नाही म्हटलं. “मग कपडे वाळत घालायची काठी. टोकाला खिळा ठोकू?” मी त्याला स्टुलावर बसवून शांतपणे समजावलं, की ही काठी म्हणजे शरीराचाच विस्तार असते, तिच्या दोन्ही टोकांत भेद नसतो, आणि तिला खिळा लागत नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साग नको. साग दिसतो गोंडस, मार लागला की चिरफळतो. बाभूळ घ्या. कुऱ्हाडीच्या दांड्याची.” गाठ नसलेला तुकडा शोधायला त्याने अर्धा तास घेतला. प्रत्येक तुकडा जमिनीवर आपटून आवाज ऐकत होता. गाठ असलेला तुकडा बद्द वाजतो. ग्रंथांतही लाकडाचा धागा टोकापासून टोकापर्यंत सलग हवा असं म्हटलं आहे, पण आपटायला कुणी सांगितलेलं नाही.

ग्रंथ. संग्रह 1938 सालच्या ‘बुदो’पासून सुरू करावा. त्यात फोटोंमध्ये खुद्द उएशिबा आहेत. मग वेस्टब्रुक आणि रॅटी यांचं 1970 सालचं ‘ऐकिदो अँड द डायनॅमिक स्फिअर’. यात फोटो नाहीत, रेखाटनं आहेत. हाकामा वाऱ्यावर उडतोय, बाण गरगरा फिरताहेत, आणि हल्लेखोर हवेत असा तरंगतोय की त्याला कुठे लागेल अशी शंकाही येत नाही. हे पुस्तक टीपॉयवर ठेवण्याइतकं दुसरं कुठलंच चांगलं नाही. गोझो शिओदा यांचं ‘डायनॅमिक ऐकिदो’ त्यामानाने कडक. त्यातली माणसं उभी राहतात तीच कवायतीला उभी राहिल्यासारखी.

मोरिहिरो सायतो यांचे ‘ट्रॅडिशनल ऐकिदो’चे पाच खंड मिळाले तर सोडू नयेत. सायतो 1946 साली, अठराव्या वर्षी, इवामा गावी उएशिबांकडे आले आणि 1969 साली गुरू जाईपर्यंत तिथेच शिकत राहिले. नोकरी रेल्वेत. चोवीस तास ड्यूटी, चोवीस तास सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे गुरूसमोर. मध्य रेल्वेवर रोज उभा राहून प्रवास करणाऱ्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं. बिचाऱ्यांकडे दुसरा उपायच नव्हता. खंड अजून लिहून व्हायचे होते.

पुस्तकावरून प्रत्यक्ष तंत्र करायला एक जोडीदार लागतो. माझा भाचा बारा वर्षांचा आहे आणि सुट्टीत आमच्याकडे असतो. मी पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं, पानावर पाटा ठेवला, आणि ‘शिहोनागे’ काढलं. पहिल्या फोटोत त्याने माझं मनगट धरलं. दुसऱ्यात मी पाऊल पुढे टाकलं. तिसऱ्यात माझे दोन्ही हात कपाळापाशी गेले. चौथ्या फोटोत हल्लेखोर उताणा पडलेला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मध्ये काय झालं, ते जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. आम्ही दोघं तिसऱ्या फोटोत बराच वेळ उभे होतो. त्याचा हात वर, माझी मान वाकडी, आणि चौथा फोटो पाट्याखाली.

“मामा, आता पडू का?” त्याने विचारलं.

“थांब, पान उलटतो.”

“माझा हात दुखतोय. मी आपला पडतोच.” आणि तो पडला, अगदी चौथ्या फोटोसारखा. या दिवसाची नोंद मी वहीत ‘पहिलं यशस्वी शिहोनागे’ अशी केली आहे.

राहता राहिले व्हिडिओ. इथे खर्च नाही, त्यामुळे शिस्त लागते. 1935 साली ओसाकात आसाही वृत्तपत्राने घेतलेली उएशिबांची फिल्म सगळ्यात आधी पाहावी. पन्नाशी उलटलेला माणूस, उंची जेमतेम पाच फुटांच्या वर, आणि भोवतालची धडधाकट पोरं एकामागून एक आडवी होत आहेत. वेग पाव पट करून पाहिलं तरी नेमकं काय झालं ते कळत नाही, फक्त पोरं सावकाश पडतात. मग म्हातारपणीच्या फिल्म पाहाव्यात. त्यांत स्पर्श होण्याआधीच लोक पडताना दिसतात. यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांशीही जेवताना बोलू नये. मनोरंजन म्हणून 1988 सालचा स्टीव्हन सीगलचा पहिला चित्रपट चालेल. तो गृहस्थ आधी ओसाकात खरोखरच ऐकिदो शिकवायचा. पण त्या चित्रपटातल्यासारखं मनगट पिरगाळून पाहायला घरात कुणी सापडत नाही. भाचाही आता सुट्टीत आत्याकडे जातो.

व्हिडिओची एक तांत्रिक अडचण आहे. शिक्षक आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्याचा डावा पाय पुढे, की आपला? उजवा म्हणावा तर तो वळतो आणि पाठमोरा होतो, आणि सगळं पुन्हा उलटं. मी यावर आरशाचा उपाय केला. आरशात स्क्रीन पाहायचा. आता बाजू बरोबर येते, पण पायऱ्यांचे जपानी आकडे उलटे दिसतात. ते तसेही वाचता येत नव्हते.

यंदा पाऊस लांबला. मी महिन्याभरात वर्गाला दोनदा गेलो आणि गी दोनदा धुतला. दुसऱ्या खेपेला घरी आलो तर गॅलरीतल्या उंच दोरीवर तो पसरलेला दिसला. आई टाचा उंचावून, बाभळीच्या काठीने त्याची एक बाही सरळ करत होती. काठीवरची पकड बरोबर होती, डावा हात पुढे, उजवा कमरेशी, खांदे सैल. पण टोक गुळगुळीत असल्याने कापड सारखं घसरत होतं.

“अरे,” ती मागे न बघता म्हणाली, “याला टोकाला एक खिळा ठोकून आण.”

सुताराने काठी ओळखली. हातोडी हातात घेऊन एवढंच विचारलं, “दीड इंची चालेल?”