फूल उन्हात, फोटोवाले कूलरपुढे

रायपूरचा वसंत फेब्रुवारीत येतो आणि होळीची राख निवायच्या आत काढता पाय घेतो. तेवढ्यात पिटुनियाचे फोटो उरकले नाहीत, तर वर्ष वाया. महाराष्ट्र मंडळ आहे त्या चौबे कॉलनीत मग सकाळी कुंड्यांपुढे गुडघे टेकलेली माणसं दिसतात. देवासमोरही इतकी वाकत नाहीत. तण काढतो, पाणी घालतो माळी. फोटोखाली मात्र ‘माझी बाग’.

एप्रिलात पारा 40 ओलांडतो, मे महिन्यात 45ला भिडतो. चिनी गुलाब नेमका रणरणत्या उन्हात उमलतो, आणि तेव्हा आमचे छायाचित्रकार कूलरपुढे पालथे. उरते बोगनवेल. तिच्या गुलाबी पाकळ्यांना भरभरून ‘वा!’ मिळते. त्या पाकळ्या नव्हेतच, रंगीत पानं आहेत; खरं फूल म्हणजे मधला इवलासा पांढरा ठिपका, आणि तो हटकून धूसर. मोगरा तर उजेड गेल्यावर फुलतो, कॅमेऱ्यात कापसाचा बोळा दिसतो. वास पाठवायची सोय अजून फोनात नाही, म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नाही. बिचारा थेट गजऱ्यात जातो.