झाडात न डोकावता ॲनाटॉमी

मेडिकल हुकलं, ॲग्री हुकलं, फार्मसीची फी ऐकून बाबा जेवताना बोलेनासे झाले, आणि तुम्ही बी.एस्सी.ला बॉटनी घेतलीत. अभिनंदन. वाईट वाटून घेऊ नका, वर्गातल्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं असतं. "मला झाडं आवडतात" म्हणून जो एकटा आलाय, खरी काळजी त्याची आहे. कारण आता प्लांट ॲनाटॉमी येणार. झाडाच्या आत काय असतं याचा हा पेपर. झाडाच्या आत न डोकावता तो कसा सोडवायचा, हे खाली क्रमाने दिलं आहे.

१. आधी आकृती काढा, मग सेक्शन घ्या.

क्रम चुकवू नका. नवशिके आधी मायक्रोस्कोपात बघतात आणि जे दिसलं ते काढत बसतात. नेहमिया ग्र्यू या इंग्रज डॉक्टरने नेमकं हेच केलं. १६८२ साली त्याने ‘द ॲनाटॉमी ऑफ प्लांट्स’ छापलं. त्यातल्या खोडामुळांच्या आकृत्या आजही बघत राहाव्यात अशा आहेत. पण त्याचा नाइलाज होता. बाजारात गाईड नव्हतं, म्हणून बिचाऱ्याला झाडात बघावं लागलं. तुमच्याकडे मागच्या वर्षीच्या ताईचं जर्नल आहे. तिने ते तिच्या आधीच्या दादाकडून उतरवलं होतं, त्याने आणखी कुणाकडून. या वाटेवर कधीतरी एक लेबल घसरलंय आणि पेरिसायकलची रेघ एंडोडर्मिसला जाऊन टेकलीय. तुम्हीही ती तिथेच टेकवा. तुमची एकट्याचीच आकृती बरोबर निघाली, तर मॅडम तुम्हालाच विचारतील, हे कुठून कॉपी केलंस?

बाहेरच्या वर्तुळासाठी बांगडी उत्तम. खोडाला आईची, मुळाला धाकट्या बहिणीची.

२. सेक्शन घ्या.

इथे तुम्हाला थोडा त्रास होणार आहे, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. दाढीचं कोरं ब्लेड घ्या. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ताठ धरा, ब्लेड आणि खोड दोन्ही ओली ठेवा, आणि ब्लेड एका दमात स्वतःकडे ओढा. मागेपुढे घासू नका. पानाचा सेक्शन असेल तर बटाट्याच्या किंवा गाजराच्या तुकड्याला चीर पाडून पान तिच्यात खोचा आणि दोन्ही एकदम कापा. गाजर निवडा, कारण बटाटा उरला तर कच्चा खाता येत नाही.

आता वॉचग्लासमध्ये बघा. काही चकत्या इतक्या जाड असतील की त्यातून प्रकाश सोडा, वाराही जाणार नाही. काही एका बाजूने पातळ आणि दुसऱ्या बाजूने जाड. हात तिरका पडल्यामुळे काही लंबगोल. एखादा पापुद्रा मात्र असा निघतो की पाण्यात टाकल्यावर दिसतच नाही. तोच हवा असतो. तो ब्रशने उचलायला जा, म्हणजे बेसिनमध्ये जाईल.

बोट कापलं तर घाबरू नका. लॅबमधले मामा चिकटपट्टी देतील. सेक्शनला लागलेलं रक्त सॅफ्रॅनिनच्या नावावर खपवण्याचा मोह मात्र टाळा, लिग्निनला ते चढत नाही.

खोड लंबगोल दिसलं तरी जर्नलमध्ये गोलच असू द्या. झाडाने चूक केली म्हणून तुम्ही करायची नसते.

३. रंगवा.

नियम सोपा आहे: लिग्निन साचलेल्या पेशींच्या भिंतींना सॅफ्रॅनिनचा लाल रंग चढतो, सेल्युलोजच्या भिंतींना फास्ट ग्रीनचा हिरवा. म्हणजे झायलेम लाल, बाकीचं बरंचसं हिरवं. मधेमधे धुवायचं असतं. घाईत ते राहतं, आणि सेक्शन, बोटं, ॲप्रन, मोबाईलची स्क्रीन सगळं एकाच लालीत निघतं. सर फिरत आले तर "सर, ओव्हरस्टेन झालं" म्हणा. हे वाक्य शास्त्रीय आहे, आणि सरांनीही ते त्यांच्या सरांना म्हटलेलं असतं.

४. मायक्रोस्कोपात बघावंच लागलं, तर काय करायचं.

जाड काळ्या काठाचं, अगदी गोल, सगळ्यात सुबक जे दिसेल तो हवेचा बुडबुडा. दर वर्षी कुणी ना कुणी त्याला व्हेसल म्हणून लेबल देतं. तुम्ही देऊ नका. दिलंतच, तर शेजारच्यालाही द्यायला लावा; दोघांना दिसलं की ते निरीक्षण होतं.

मक्याचं खोड आलं तर नशीब समजा. त्यातले व्हॅस्क्युलर बंडल्स विखुरलेले असतात, आणि प्रत्येक बंडल माकडाच्या तोंडासारखा दिसतो: दोन मोठ्या मेटाझायलेम व्हेसल्स म्हणजे डोळे, खालची पोकळी म्हणजे तोंड. अख्ख्या अभ्यासक्रमात आपण होऊन ओळख देणारी एवढीच एक गोष्ट. तिच्याकडे बघून हसा आणि पुढे चला.

५. अपवाद पाठ करा, पण घराबाहेर बघू नका.

‘ॲनॉमलस’ म्हणजे रीत सोडून वागणाऱ्या खोडांचा धडा परीक्षेला हमखास. यादी पाठ करा: निक्टॅन्थस, अकायरॅन्थस, बोऱ्हाविया. ही लॅटिन नावं लांबच्या कुठल्या देशातली वाटतात, तशीच वाटू द्या. निक्टॅन्थस म्हणजे दारातला पारिजातक, हे कळलं की घोटाळा सुरू होतो. सकाळी फुलं वेचायला गेल्यावर तुम्ही फांदी बोटात धराल, ती चौकोनी लागेल, आणि चारही कोपऱ्यांत एकेक बंडल उलटा बसलाय, झायलेम बाहेर आणि फ्लोएम आत, हे आठवेल. मग "का?" असा प्रश्न पडेल. तो अभ्यासक्रमात नाही.

अकायरॅन्थस म्हणजे आघाडा. गणपतीच्या पत्रीत बाजारातून जुडी येते, वाहिली जाते, विसर्जनाला जाते. त्याच्या खोडात ऐन गाभ्यात दोन बंडल्स असतात, जिथे साधारण खोडात नुसता भेंडासारखा गर असतो. जुडीतली एक काडी ब्लेडने कापून बघायला दोन मिनिटं पुरतात. पण सणासुदीला आईने हातात ब्लेड बघितलं तर काय होईल याचा विचार करा.

स्वयंपाकघरातही हाच धोका आहे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्यांना तुम्ही रॅफाइड्स म्हणून दोन मार्कांना काढता. आई त्यांच्यासाठी फदफद्यात चिंच घालते. दोघांनी एकमेकांना सांगू नका.

६. ऊस: टीप लिहा.

उसाच्या पानात प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं एक कडं असतं. त्याला क्रान्झ ॲनाटॉमी म्हणतात. हे कडं आणि त्याच्याबरोबरची सी-फोर पद्धत यांमुळे ऊस कडक उन्हातही भराभर साखर करतो. ही पद्धत हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली मांडली, तीही उसाच्या पानावरच काम करून. पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने, त्यांच्या निवडणुका आणि चेअरमनच्या गाड्या शेवटी या कड्यावर उभ्या आहेत. तुम्ही चार ओळी लिहा. कारखान्याचा उल्लेख केला तर उत्तर विषयाबाहेर जाईल.

७. वार्षिक वलयं: ऋतू पुस्तकातले घ्या.

‘स्प्रिंग वुड’ आणि ‘ऑटम वुड’ असं लिहा. तुमच्या जिल्ह्यात ऑटम कधी येतो, हे विचारू नका. सागाला वलयं पडतात ती पावसाळा आणि कोरडा हंगाम यांच्यामुळे. पुण्याच्या पाषाणमधल्या ‘आयआयटीएम’ संस्थेत सागाची वलयं मोजून जुन्या मॉन्सूनचा माग काढला जातो. यातलं काही उत्तरपत्रिकेत लिहू नका. पेपर तपासणाऱ्याच्या मॉडेल आन्सरमध्ये स्प्रिंग आहे.

८. फ्लोएम.

हिरवी पेन्सिल. कॅथरीन एसाव यांनी उभी हयात फ्लोएमवर घालवली, १९६९ साली त्यावर स्वतंत्र जाडजूड ग्रंथ लिहिला. चाळणीनळीच्या प्रौढ पेशीला केंद्रक नसतं आणि तरी ती जिवंत असते, हे कोडं असं हयात घालवण्याच्या लायकीचंच आहे. तुम्हाला एका सेमिस्टरमध्ये इतरही विषय आहेत. हिरवी पेन्सिल.

९. स्पॉटिंग.

स्लाईड ओळखायची ती आतल्या रचनेवरून नाही, काचेवरून. कव्हरस्लिपचा कोपरा तुटलेली ती डायकॉट रूट. बाम पिवळा पडलेली ती पायनसची सुई. लेबलवर शाईचा डाग असलेली मोनोकॉट स्टेम. हे ज्ञान सीनियर तोंडी देतात, कुठल्या पुस्तकात मिळत नाही. कॉलेजने नवी पेटी मागवली तर अख्खी बॅच गारद होते, म्हणून पेटी कधी आली याची मामांकडे वेळेत चौकशी करा.

१०. वायवा.

एक्स्टर्नल कुठेही बोट ठेवून "हे काय?" विचारतील. "सर, पॅरेन्कायमा" म्हणा. झाडात सगळीकडे तीच जास्त असते, त्यामुळे चुकण्याची शक्यता कमी. "कार्य काय?" विचारलं तर "साठवण" म्हणा. "कसली?" विचारलं तर खाली बघा, समोरच्याला तेवढ्यात चहा येतो. आणि "सूर्यफुलाचं खोड स्वतः बघितलंस का?" असं विचारलं, तर "हो सर, जर्नलमध्ये" हे उत्तर खरं आहे, न घाबरता द्या.

एवढ्या तयारीवर फर्स्ट क्लास मिळतो. डिस्टिंक्शन हवं असेल तर लेबलांच्या रेघा पट्टीने ओढा, सगळ्या उजवीकडे, एकमेकींना न छेदता.